इंबिच्ची खोली सोडत नाही

बाप्पुट्टीने तिरूरला घर बांधलं आणि तिथून सगळं बिनसलं.

घर चांगलं होतं म्हणे. मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे नारळीची बाग. पण कुट्टिचिऱ्याच्या जावयाला मुळात घर बांधायची गरजच काय, हे तेक्केअकममध्ये कोणाला कळेना. तेक्केअकम म्हणजे त्याच्या बायकोचं, इंबिच्ची आयशाबीचं घर. कोळीकोडच्या कुट्टिचिरा मोहल्ल्यात, तळ्याच्या दक्षिणेला, मिश्काल मशिदीकडे जाणाऱ्या गल्लीला पाठ टेकून उभं असलेलं. आत नेमकी किती माणसं राहतात हे राहणाऱ्यांनाही धड सांगता येत नसे. या मोहल्ल्यातल्या मुली लग्न करून सासरी जात नाहीत. आईच्याच घरात प्रत्येकीला एक खोली मिळते. तिला अरा म्हणतात. नक्षीचा पलंग, रंगीत काचेचा दिवा, पितळी कड्यांचं दार. नवरा दिवसभर वलियंगाडीच्या बाजारात आपला धंदा बघतो आणि दिवेलागणीला बायकोच्या घरी हजर होतो. त्याला म्हणायचं पुतियाप्ला, म्हणजे नवा नवरदेव. तोंडाचं बोळकं झालं, नातवंडांची लग्नं लागली, तरी तो आपला नवाच. रोज त्याच्यापुढे तांदळाच्या पापुद्र्यासारख्या पत्तिरी, मटणाचा रस्सा, भरलेल्या शिंपल्या. घरातली पोरं दाराआड बसून, तो ताटात काय ठेवतो याची वाट बघतात.

बाप्पुट्टी खोबऱ्याचा व्यापारी. काही वर्षं त्याने या पत्तिरी आनंदाने खाल्ल्या. मग एका संध्याकाळी हात धुता धुता म्हणाला, "पुढच्या महिन्यात तिरूरला जाऊ."

"कोणाचं लग्न आहे?" इंबिच्चीने विचारलं.

"लग्न नाही. राहायला. घर तयार झालंय ना आता."

"तुमच्या उम्मांना बरं नसेल तर मी येईन की चार दिवस."

"चार दिवस नाही, कायमचं. लोक हसतात मला. बायकोच्या दारात तुकडे मोडतो म्हणतात."

"कुठले लोक?"

"तिरूरचे."

"मग त्यांना एकदा इथे जेवायला बोलवा. हसायला तोंड रिकामं राहणार नाही."

बाप्पुट्टी हसला नाही. दोन दिवस त्याने तोंड पाडलं, आठवडाभर अबोला धरला, मग येणंच कमी केलं. इंबिच्चीने प्रत्येक वेळी एकच सांगितलं. तिची आई या घरात जन्मली, आजी या घरात मेली, आणि निकाहाच्या वेळी कोणी तिरूरचं नाव काढलं नव्हतं. घरातले सगळे तिच्या बाजूने होते. तिचे मामा अस्सनकोया तर सर्वांत जास्त. ते घरातले सर्वांत वडील पुरुष, म्हणजे कारणवर; कुठल्याही गोष्टीत शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "आपल्या बायका घर सोडून गेल्या तर आपण कोळीकोडचे कसले? तिरूरचेच झालो."

पुढे बाप्पुट्टीकडून दोन माणसं आली. पडवीत बसली, चहाला नको म्हणाली आणि तलाकचा निरोप देऊन गेली. इंबिच्चीची आई, उम्मा, रडली. अस्सनकोयांनी मिशीवरून हात फिरवला. "जाऊ दे. माडासारखा उंच होता, पण नारळ काही लागले नव्हते."

इंबिच्चीला मूल नव्हतं. ते बोलणं तिलाही कुठेतरी लागलं. पण मामा तिच्या बाजूने बोलत होते, म्हणून तिने ते गिळलं.

तलाकनंतर पाळायचे इद्दतचे दिवस संपले, त्याच आठवड्यात मामांनी तिला बोलावलं. पडवीला लागून त्यांची बैठकीची खोली होती. आरामखुर्ची, पानाचा डबा, भिंतीवर मक्केचं चित्र. या खोलीत बसून त्यांनी आजवर घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं ठरवली होती. शेजारी उम्मा उभी होती आणि ती खाली बघत होती. तेव्हाच इंबिच्चीला काहीतरी कळलं.

"सैनबीचं जमतंय," मामा म्हणाले. सैनबी ही इंबिच्चीची धाकटी बहीण. "मुलगा चांगला आहे, लाकडाच्या वखारीत हिस्सा आहे. पण अरा नाही."

"बांधा की."

"बांधू कुठे? तळ्यात? घरात वीतभर जागा नाही. तुझी अरा आता रिकामीच आहे."

"रिकामी कशी? मी आहे ना आत."

मामांनी पान जुळवायला घेतलं. त्यांना घाई नव्हती. "हे बघ, अरा जोडप्याला असते. नवरा गेला की बाई माडीवर जाते. तुझी थोरली मावशी गेली, कदीशाबी गेली. वारा चांगला येतो तिथे. सोबत असते."

माडीवरच्या बायका इंबिच्चीने लहानपणापासून बघितल्या होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली. रांगेने चटया, उशाशी एकेक पेटी. त्यांना कोणी वाईट वागवत नसे. फक्त त्यांचं मत कोणी विचारत नसे, आणि सणाच्या दिवशी खालून ताटं वर जायला उशीर होई.

"मला नको माडी."

"ना नवरा, ना मूल. एकट्या बाईला खोली कशाला लागते?"

"राहायला."

"मोहल्ल्याची रीत आहे पोरी. कालची नाही. आपली मिश्काल मशीद बघतेस ना? फिरंगी आले, त्यांनी जाळली. वरचे मजले जळून गेले. आपल्या पूर्वजांनी पुन्हा उभारली. शेकडो वर्षं हा मोहल्ला टिकला तो रीतीवर टिकला."

ही गोष्ट मामा वर्षातून दहादा सांगत. घरातल्या पोरांना पाठ होती. इंबिच्ची उंबऱ्यात उभी होती. ती एक पाऊल आत आली.

"मामा, फिरंग्यांनी मशीद जाळली, तेव्हा कोणी उठून दुसरीकडे गेलं का?"

"कोण जाणार? आपली जागा ती."

"जाळपोळ झाली तरी कोणी जागा सोडली नाही. आणि मी तिरूरच्या एका खोबरेवाल्यापायी सोडू?"

पलीकडच्या खोलीत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. मामांचा चेहरा लाल झाला. "रीतीच्या विरुद्ध बोलतेस."

"रीतीनेच तर बोलते. घर बायकांचं, ही रीत. त्या रीतीने मी गेले नाही म्हणून नवरा गेला. तेव्हा तुम्ही शाबास म्हणालात. आता तीच रीत मला बाहेर काढायला कशी लागली?"

"मग सैनबीने काय करायचं? बहिणीचं लग्न मोडायचंय तुला?"

हा घाव मात्र बसला. सैनबीला तिने कडेवर वाढवलं होतं. थोरल्या बहिणीला ती इत्ता म्हणे. रात्रभर सैनबी तिच्याजवळ येऊन मुसमुसत राहिली. "इत्ता, मी नाही म्हणत तू जा म्हणून," ती म्हणे, आणि पुन्हा रडे. इंबिच्ची तिचं डोकं थोपटत राहिली, पण जाते असं काही म्हणाली नाही. त्या रात्री तिला आपण दगडाच्या काळजाची बाई आहोत असं वाटलं. पण दगड म्हणजे दगड, हलला तर त्याचा उपयोग काय, असंही वाटलं.

सकाळी ती पुन्हा मामांपुढे उभी राहिली.

"एक खोली आहे घरात. रात्रभर रिकामी असते."

"कुठली?"

"ही."

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं. कारण ते स्वतःही कुणाचे तरी पुतियाप्ला होते. मशिदीच्या पलीकडे मामीचं घर होतं, आणि रोज दिवे लागले की अस्सनकोया अत्तर लावून तिकडे जेवायला आणि झोपायला जात. त्यांची बैठक संध्याकाळपासून सकाळपर्यंत आरामखुर्ची सांभाळत असे.

"ही कारणवराची खोली आहे," ते कसेबसे म्हणाले.

"दिवसा तुम्ही पडवीत बसा. वारा चांगला येतो तिथे."

यावर मोठं रणकंदन झालं. पंधरा दिवस मामा घरी आले नाहीत. मशिदीच्या खतीबांना मध्ये घालून झालं, थोरल्या मावशीकडून शाप देववून झाले. पण माडीवरच्या बायका, ज्या कधी कशात बोलत नसत, त्या एकदम बोलू लागल्या. कदीशाबी जिन्यात बसून मोठ्याने म्हणाली, "माझ्या वेळी मला हे सुचलं नाही गं." लग्नाची तारीख तोंडावर आली. वखारवाले थांबायला तयार नव्हते. शेवटी एका सकाळी चार गड्यांनी आरामखुर्ची उचलून पडवीत ठेवली. सैनबीचा पलंग कारणवराच्या खोलीत लागला. अस्सनकोया पडवीत बसून पान खाऊ लागले, आणि इंबिच्चीशी त्यांनी बोलणं टाकलं.

पण ते विसरले नव्हते. इंबिच्चीच्या अरेला एक खिडकी होती. लाकडी पट्ट्यांची, गल्लीवर उघडणारी. मान थोडी तिरकी केली की तिच्यातून तळ्याचा एक कोपरा दिसे. नवरा असताना ती कधी उघडी नसायची. आता इंबिच्ची खिडकीशी बसून काम करी. अंड्याच्या बलकाची धार उकळत्या पाकात सोडून सोनेरी माळा करायच्या, ही मुट्टमाला तिच्यासारखी कुणाला जमत नसे. लग्नाच्या घरांतून बोलावणी येत. कोणावर आपलं ओझं नको, म्हणून ती घेई. सैनबीच्या लग्नाचा मांडव उतरला त्या आठवड्यात ती अशीच एका घरी कामाला गेली होती. परत आली तर खोलीत अंधार. बाहेरून खिडकीवर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या.

उम्मा म्हणाली, "मामांनी सुतार आणला होता. म्हणाले, पुरुष नसलेल्या खोलीची खिडकी मशिदीच्या वाटेवर उघडी बरी नाही."

इंबिच्चीने दिवा लावला. भर दिवसा दिव्याच्या उजेडात बसून जेवली. दोन दिवस काही बोलली नाही. घरातल्यांना वाटलं, चला, एकदाची थंड झाली.

तिसरा दिवस शुक्रवार होता. दुपारचा नमाज संपला आणि गल्ली पुरुषांनी भरून गेली. तेवढ्यात तेक्केअकमचं मागचं दार उघडलं आणि इंबिच्ची बाहेर आली. डोक्यावर तट्टम नीट ओढलेला, बाह्या मनगटापर्यंत, हातात स्वयंपाकघरातलं मोठं लोखंडी उलथनं. कोणाकडे न बघता तिने ते पहिल्या फळीखाली घातलं आणि भार दिला. खिळा करकरला. गल्लीत चालणारे पाय थांबले. एवढ्या पुरुषांसमोर, भर उन्हात, एक बाई आपल्याच घराची खिडकी उचकटत होती. काय म्हणावं हे कोणाला सुचेना. पाहायचं की नजर वळवायची हेही ठरेना.

पहिली फळी पडली. मग दुसरी. खिळे दगडी फरसबंदीवर उडाले.

अत्तरवाल्या मोइदू हाजींनी घसा साफ केला. "पोरी, हे काय चाललंय?"

"हाजिक्का, जपून," ती म्हणाली. "खिळे पडलेत. अनवाणी कोणी असेल तर पायात जातील."

हाजी खाली बघू लागले. त्यांच्या मागचेही खाली बघू लागले. सगळी गर्दी खिळे बघत, पाय उचलून टाकत, अंग चोरून पुढे सरकली. गर्दीत अस्सनकोयाही होते. त्यांनीही खिळा चुकवला.

फळ्या तिने आत नेल्या आणि चुलीत घातल्या. फणसाचं लाकूड होतं, छान जळलं.

त्यानंतर खिडकी उघडीच राहिली. सुरुवातीला पुरुष त्या गल्लीतून मान खाली घालून जात. पण माणूस कशालाही सरावतो. हळूहळू लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, मिश्काल मशिदीकडून तळ्याकडे या, उघडी खिडकी लागली की डावीकडे. लग्नाच्या घरचे लोक खिडकीतूनच सांगून जात, इंबिच्चिता, रविवारी दोन परात माळा लागतील. ती आतून म्हणे, अंडी बदकाची आणा, कोंबडीची आणाल तर परत पाठवीन.

अशीच वर्षं गेली. मग बाप्पुट्टी आला.

तिरूरच्या त्या नव्या घरात त्याने दुसरी बायको आणली होती. तिचं सासूशी पटलं नाही. एक दिवस ती नारळाच्या बागेतून चालत स्टेशनवर गेली आणि माहेरी निघून गेली. आता बाप्पुट्टीचे केस पांढरे झाले होते आणि त्याला पत्तिरी आठवत होत्या. तलाक एकच होता. पुन्हा निकाह लावायला अडचण नव्हती. त्याने अस्सनकोयांना निरोप धाडला. अस्सनकोयांना वाटलं, अल्लाने सगळा गुंता सोडवला. अरेला नवरा मिळतोय, घराची अब्रू राहतेय.

इंबिच्ची कामावरून आली तर स्वयंपाकघरात धांदल. तूप कढत होतं, केळी सारण भरून तळली जात होती. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

"कोण येतंय?" तिने विचारलं.

शेवटी सैनबी म्हणाली, "इत्ता, अगोदर तोंड धुऊन घे. हिरवी काची काढून ठेवलीय, ती नेस."

तिला कळायला वेळ लागला नाही. तिने तोंड धुतलं, पण नेसणं बदललं नाही. दिवेलागणीला बाप्पुट्टी आला. पांढरा सदरा, अत्तर. पडवीत मामांशेजारी बसला. इंबिच्ची दाराआड येऊन उभी राहिली.

"बरी आहेस ना?" त्याने दाराच्या दिशेने मान वळवून विचारलं.

"चांगली आहे. तुमच्या उम्मा कशा आहेत?"

"गेल्या. दोन वर्षं झाली."

"अल्ला त्यांना स्वर्ग देवो."

मग बाप्पुट्टी म्हणाला, "आयशाबी, मी आता तिरूरचं नाव काढणार नाही. इथेच येत जाईन. पहिल्यासारखं."

खरं सांगायचं तर तिला त्याची दया आली. त्याचा आवाज थकला होता. मनात एक क्षण ती जुनी पावलंही वाजली, दिवे लागले की पडवीत येणारी. पण अरेचं दार उघडल्यावर आत आता काय आहे ते तिला माहीत होतं. पाकाच्या कढया, सुपं, खिडकीतला उजेड, आणि पलंगावर आडवं-तिडवं कसंही झोपायची सवय.

"तुम्ही गेलात तेव्हा मी अडवलं नाही," ती म्हणाली. "आता येऊ नका म्हणतेय, तर तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका. अरा रिकामी नाही."

"कोण आहे अरेत?" बाप्पुट्टी दचकला.

"मी."

अस्सनकोया खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांनी ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते मला खिडकीतून रोज ऐकू येतं, मामा. नवीन काही नाही." मग ती बाप्पुट्टीला म्हणाली, "जेवून जा. सगळ्यांनी एवढं रांधलंय. पाहुण्याला उपाशी पाठवत नाही आम्ही."

बाप्पुट्टी जेवला. वाईट वाटलं असलं तरी जेवला, आणि चांगला जेवला. पोरांना ताटात काही उरलं नाही.

तो जेवत असताना आत उम्मा रडत होती, सैनबी भांडी आपटत होती. इंबिच्चीला घरात श्वास घेववेना. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि चालत तळ्याशी गेली. तळ्याच्या काठावर संध्याकाळी पुरुष बसतात. म्हातारे, व्यापारी, फुटबॉलवर भांडणारे तरुण. बायकांनी बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी बसत नसे. उभ्या जन्मात तिने ते तळं पुरतं बघितलं नव्हतं. खिडकीतून जेवढं दिसे तेवढंच. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं. ती कठड्यावर बसली. पाण्यात मशिदीचे निळे मजले थरथरत होते.

गप्पा थांबल्या. थोड्या वेळाने अस्सनकोयाही जेवून, पाहुण्याला वाटेला लावून आले आणि नेहमीच्या जागी टेकले. भाचीला बघून त्यांनी पानाचा डबा उघडला. शेजारचा एक जण कुजबुजला, "कोया, तुमची भाची. सांगा काहीतरी तिला."

अस्सनकोयांनी पान तोंडात टाकलं. "तुम्हीच सांगून बघा," ते म्हणाले. "माझं सांगून झालंय."

कोणी सांगायला गेलं नाही. इंबिच्ची अंधार पडेपर्यंत बसली आणि मग घरी गेली. पुढेही अधूनमधून जात राहिली. बाकीच्या बायका आल्या असं झालं नाही. कदीशाबी एकदा आली, डास फार आहेत म्हणाली आणि परत गेली. उम्मा शेवटपर्यंत नाराजच राहिली. सैनबी तर वर्षभर धड बोलली नाही.

अस्सनकोया म्हातारे झाले. मामी वारली, आणि तिच्या घरी तिच्या बहिणींच्या मुलींची लग्नं होऊन खोल्या भरल्या. बायकोविना पुतियाप्ला म्हणजे बिनवातीचा दिवा. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना खाटेवर घालून तेक्केअकमला आणलं. कारणवर म्हणून ते आपल्या घरी आले होते, पण घरात त्यांना ठेवायला खोली नव्हती. खाट पडवीत टेकवली. पावसाचे दिवस होते, पागोळ्यांचे शिंतोडे अंगावर येत होते. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

इंबिच्चीने अरेचं दार पुरतं उघडलं. "आत घ्या."

मामांना नक्षीच्या पलंगावर निजवलं. ती स्वतः खाली चटई टाकून झोपू लागली. पहिल्या दिवशी मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी काय बोलू?"

"काही बोलू नका. पेज घ्या. खोली माझीच आहे, तुम्ही पाहुणे आहात."

"ते कळलं," मामा म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

महिनाभर ते तिथे होते. शुक्रवारी नमाजानंतर त्यांचे मित्र गल्लीत थांबत आणि खिडकीतून विचारत, कोया, बरं आहे का. मामा पलंगावरून उत्तर देत. आवाज पोचला नाही तर इंबिच्ची सांगे. खिडकी उघडी होती म्हणून शेवटच्या दिवसांत त्यांना माणसांशी बोलता आलं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, तिनेही ऐकायची अपेक्षा ठेवली नाही. एका पहाटे अजान चालू असताना ते गेले.

चाळिसावा झाला. आता इंबिच्चीचा मावसभाऊ अलीकोया कारणवर झाला. तो बँकेत होता, नव्या विचारांचा, नीट बोलणारा. त्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. एका सकाळी तो अरेच्या दाराशी आला. इंबिच्ची पाकात बलकाची धार सोडत होती. हात थांबवता येत नव्हता.

"ये," ती म्हणाली. "काय काम काढलंस?"

अलीकोयाने पलंगाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, कढईकडे बघितलं.

"काही नाही, इत्ता," तो म्हणाला. "सहज आलो होतो."